हिरडीची साक्ष

१

“हिनंच मारलं माझ्या बाबांना! गोळ्या हिच्याच हातात होत्या. विचारा, विचारा तिला!”

शवागारासमोरच्या अरुंद बोळात मास्तरांची मुलगी ओरडत होती. समोरच्या बाकावर मास्तरांची सून बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. जणू ते हातच पुरावा आहेत आणि आता कुणीतरी जप्त करायला येणार आहे. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून खाली लावलेल्या गाड्यांकडे बघत होता. बहीण बायकोला खुनी म्हणत होती आणि हा गाड्या बघत होता.

मास्तर म्हणजे शिंपी. सबंध वस्तीच्या विजारी त्यांच्या हातून गेलेल्या. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी होते आणि जास्त झाली तर रक्त थांबत नाही. मास्तरांचं दुसरं झालं. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मान कलली. दवाखान्यात आणेपर्यंत मेंदूत रक्तस्राव पसरला होता. पिशवीमागून पिशवी रक्त चढवलं, पण दुसरं काही द्यायलाही सवड मिळाली नाही. मास्तर गेले.

“सरळ केस आहे, बाई,” फौजदार आत येत म्हणाले. “गोळ्या सून काढून द्यायची. रक्त पाण्यासारखं झालं होतं. सही करा, मी तिला घेऊन जातो.”

टेबलापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. शवविच्छेदन विभागाच्या त्या प्रमुख. सगळं इस्पितळ त्यांना मागून करवतबाई म्हणायचं, कारण करवत जाताना कापते आणि येतानाही कापते. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं.

“गोळ्या तिनं जास्त दिल्या हे कुणी पाहिलं?”

“पाहिलं कुणी नाही. पण दुसरं कोण?”

“दुसरं कोण, हा पुरावा नसतो. तो आळस असतो.”

करवतबाईंनी मास्तरांचं तोंड उघडून विजेरीचा झोत आत टाकला. हिरड्या काठाकाठाने सुजलेल्या होत्या, हे वय झालेल्या माणसात नवं नाही. पण वरच्या दाढेच्या आतल्या बाजूला, टाळूकडच्या निरोगी गुलाबी भागात, एक छोटंसं गोल भोक होतं. कागदाला पंच मारावा तसं नेटकं. कडा अर्धवट भरत आल्या होत्या.

“फौजदार, इकडे या. हे काय दिसतंय?”

“फोड असेल.”

“फोड इतका गोल नसतो. हे कापलंय, आणि त्यासाठीच्या हत्याराने कापलंय.” त्यांनी विजेरी विझवली. “ज्या माणसाचं रक्त थांबत नाही, त्याच्या तोंडातला रोग नसलेला तुकडा कुणी आणि कशाला कापेल?”

२

सुनेला त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं. नवराही मागून आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

“गोळ्यांचं सांग.”

“रोज सकाळी एक. मी काढून हातावर ठेवायचे. बाबा म्हणायचे, तू दिलीस की विसरायची जबाबदारी तुझी.” ती जरा हसली आणि मग त्या हसण्याची तिला स्वतःलाच चीड आली असावी. “मी कधी विसरले नाही. कधी दोनदाही दिली नाही. कुणी विश्वास ठेवो वा न ठेवो.”

“दाताच्या डॉक्टरांकडे कोण घेऊन गेलं?”

“मीच. हिरड्या दुखायच्या. मोठा दवाखाना आहे, नाव आहे. दोनदा गेलो. पहिल्यांदा मी डॉक्टरांना स्वतः सांगितलं, हृदयाची झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांनी मान हलवली.”

“औषध काय दिलं?”

“गुळण्यांचं. बाकी काही नाही. मी बाहेर बसले होते, बाबा आत एकटेच गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘माणूस अगत्याचा दिसतो, अख्खा पेला भरून पाणी पाजलं.’”

“आणि दुसऱ्यांदा?”

“तेव्हा बाहेर आले ते रुमाल तोंडाला लावूनच. रक्त संध्याकाळपर्यंत येत होतं. मी फोन केला तर म्हणाले, कापूस दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही. थांबलं शेवटी. पण त्यानंतर बाबांच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. बाबा म्हणाले, हातातला सूट पुरा करतो आणि मग जाऊ.” तिचा आवाज फाटला. “मी त्यांना ओढत न्यायला हवं होतं.”

करवतबाईंनी कोपऱ्याकडे बघितलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

“मी काय सांगणार,” मुलगा म्हणाला. “मी कामावर असतो.”

दुपारी करवतबाई आणि फौजदार दाताच्या दवाखान्यात पोचले. काचेचं दार, मंद संगीत, भिंतीवर हसऱ्या दातांची चित्रं. डॉक्टरही चित्रांसारखेच हसले.

“फार वाईट झालं. भला माणूस होता. सुनेनंच केलं म्हणतात. मी नुसत्या हिरड्या साफ केल्या, गुळण्या दिल्या.”

“टाळूकडे एक गोल जखम आहे.”

“गरम काही खाऊन पोळलं असेल. म्हाताऱ्यांना कळत नाही.”

“अँटिबायोटिक काही दिलं होतं?”

“छे! रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर काही अँटिबायोटिकं चालत नाहीत, तिचा असर वाढतो, हे मला कळतं. पण काही माणसांत तो दुसऱ्या औषधाविनाही अचानक वाढतो.” ते खुर्चीत मागे रेलले. “माझ्यावर विश्वास नसेल तर रक्त तपासा ना. अगदी बारकाईने तपासा.”

दाराशी निरोप देतानाही ते पुन्हा तेच म्हणाले. “रक्त तपासा, बाई. रक्त खोटं बोलत नाही.”

जिना उतरताना फौजदार म्हणाले, “स्वच्छ माणूस वाटला. स्वतःहून तपासा म्हणतोय.”

“हो ना,” करवतबाई म्हणाल्या. “मी संशय घेतला नव्हता, तरी याने निर्दोष सुटायची जागा दाखवून ठेवली.”

३

रक्ताचा निकाल आला. अँटिबायोटिकचा मागमूस नाही.

फौजदारांनी कागद टेबलावर ठेवला आणि टोपी हातात घेतली. “आता तरी?”

करवतबाई कागदाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी तळहात टेबलावर असा आपटला की पेन खाली पडलं. “मूर्ख आहोत आपण! हे मास्तरांचं रक्त आहे का? मरायच्या आधी त्यांच्या अंगात पिशव्यांमागून पिशव्या दुसऱ्यांचं रक्त गेलंय. उसन्या रक्ताला काय विचारताय, की मास्तरांनी काय गिळलं होतं?”

“मग विचारायचं कुणाला?”

त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण ते कुणाकडे असेल हे माहीत होतं. कॉलेजात त्यांच्या शेजारी बसणारी मैत्रीण आता एका प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशी वाढवायची. करवतबाई मास्तरांच्या हिरडीचा तुकडा बर्फात ठेवून तिच्याकडे घेऊन गेल्या.

मैत्रिणीने आधी सूक्ष्मदर्शकातून एक चपटी बाटली दाखवली. गुलाबी पाण्याच्या तळाला चिकटलेल्या लांबट, टोकदार पेशी, एका दिशेने निघालेल्या मासोळ्यांच्या थव्यासारख्या.

“या हिरडीच्या. हिरडीला घट्टपणा देतात त्या याच,” मैत्रीण म्हणाली. “दिसायला गरीब, पण साठेबाज आहेत मेल्या. काही अँटिबायोटिकं बाहेरच्या पाण्यात टाकली की या ती नुसती शोषून घेत नाहीत, आत भरून ठेवतात. बाहेर असतं त्याच्या कितीतरी पट. मग बाहेरचं संपलं की आतलं हळूहळू सोडत राहतात.”

“म्हणजे रक्तातून गेलं, तरी हिरडीत राहतं?”

“रक्त म्हणजे गं रस्ता. माल आला, माल गेला. हिरडी म्हणजे गोदाम.”

“सगळीच औषधं साठतात?”

“छे! पेनिसिलिनच्या घराण्यातली पाहुण्यासारखी. आली, चहा प्याली, गेली. पेशीच्या आत फारशी शिरतच नाहीत. पण अझिथ्रोमायसिनसारखं औषध म्हणजे घरजावई. पेशीच्या पोटात छोट्या आंबट पिशव्या असतात, त्यांत जाऊन बसतं आणि हलायचं नाव घेत नाही.”

करवतबाई खूप दिवसांनी हसल्या. मग त्यांनी बर्फाचा डबा पुढे सरकवला. “हे माझं गोदाम. उघडून बघ.”

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा फौजदार समोरच बसले होते. करवतबाईंनी ऐकून घेतलं, एक शब्द टिपून घेतला आणि फोन ठेवला.

“सापडलं. हिरडीत अँटिबायोटिक आहे. भरपूर.”

फौजदार ताडकन उठले. “मास्तरांची मुलगी! औषधांच्या दुकानात काम करते ती! म्हणूनच एवढा आरडाओरडा. चोराच्या उलट्या बोंबा!”

“अहो, कुठलं औषध ते तरी ऐका…”

पण फौजदार जिन्यात पोचलेही होते.

४

मुलीला आणलं तेव्हा तिचा बोळातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“बाबांना अँटिबायोटिक तू दिलंस?” करवतबाईंनी विचारलं.

ती एकदम फुटली. “खोकला जात नव्हता हो त्यांचा. माझ्याकडे माझ्याच दुखण्यातल्या गोळ्या उरल्या होत्या. मी म्हटलं, घ्या. वहिनीला सांगू नका म्हटलं, ती उगाच कटकट करेल. ते गेले आणि मला कळलं, दुकानातल्याच एकाने सांगितलं, की रक्ताच्या गोळीबरोबर अँटिबायोटिक…” तिने तोंडावर हात दाबला. “मीच मारलं ना त्यांना?”

“आणि म्हणून वहिनीवर ओरडत होतीस.”

“कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. नाहीतर मला स्वतःवर ओरडावं लागलं असतं.”

करवतबाई उठल्या. त्या रागावल्या की खोलीत येरझारा घालायच्या. “तू वाईट वागलीस. एका निरपराध बाईला सगळ्या गावासमोर खुनी ठरवलंस. त्याचं तुझं तू बघ. आता सांग, कुठली गोळी आणि कधी?”

“अमॉक्सिसिलिन. खोकला मागच्या महिन्यातला. दाताच्या डॉक्टरांकडे जायच्या कितीतरी आधीची गोष्ट.”

“ही पेनिसिलिनच्या घराण्यातली. आली आणि गेली. मास्तरांच्या हिरडीत बसलंय ते अझिथ्रोमायसिन. ते तू दिलं होतंस?”

“नाही! आईशपथ नाही!”

“मग तू मारलं नाहीस. रड आता हवं तेवढं.”

मुलगी खरंच रडली. फौजदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आता पुन्हा सूनच?”

“सून कशाला लपवून अँटिबायोटिक देईल? मारायचंच असतं तर तिच्या हातात रक्ताची गोळी होतीच की. तिने तीच वाढवली असती. आडवळणाने कशाला जाईल?” बाई थांबल्या. “फौजदार, तीन गोष्टी एकत्र ठेवून बघा. हिरडीत औषध. निरोगी हिरडीतून काढलेला गोल तुकडा. आणि हिरड्या दाखवायला गेलेल्या माणसाला आग्रहाने पाजलेलं पेलाभर पाणी.”

“पाण्याचं काय त्यात?”

“पेलाभर पाणी केव्हा देतात? गोळी गिळायला.”

त्यांनी फोन उचलून मैत्रिणीला लावला. “अगं, तुझ्या बाटलीतल्या पेशींचं मला पटलं. पण जिवंत माणसाच्या हिरडीत औषध किती साठतं, हे कुणाला बघायचं असेल तर काय करावं लागेल?”

पलीकडून आवाज आला, “माणसाला आधी औषध द्यायचं, मग थोड्या दिवसांनी त्याच्या निरोगी हिरडीचा तुकडा काढून मोजायचं. पण त्याला परवानग्या लागतात बाई, माणसाची संमती लागते, आजारी माणसं वगळावी लागतात. कटकटीचं काम. कोण करतंय?”

“ज्याला कटकट नकोय तो,” करवतबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “फौजदार, गाडी काढा. आणि वाटेत माझ्याशी बोलू नका. मी आत्ता ज्या शब्दांत विचार करतेय ते तुमच्या कानांना झेपणार नाहीत.”

५

दाताचा दवाखाना भरलेला होता. करवतबाई डॉक्टरांच्या खोलीकडे वळल्याच नाहीत. बाहेर वाट बघत बसलेल्या लोकांसमोर उभ्या राहून त्यांनी विजेरी काढली.

“मी सरकारी डॉक्टर आहे. ज्यांची इथली ही पहिली खेप नाही, त्यांची हरकत नसेल तर मला जरा तोंड बघू द्या. दुखणार नाही.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक टॅक्सीवाले काका म्हणाले, “बघा की. इथे येऊन ‘आ’ करायचीच सवय झालीय.” त्यांनी मान मागे टाकली.

वरच्या दाढेच्या आत, टाळूकडे, गोल खूण.

“हे कधी कापलं?”

“मागल्या खेपेला. डॉक्टर म्हणाले, थोडं खराब झालंय, काढून टाकतो.”

“त्याच्या आधीच्या खेपेला काही गिळायला दिलं होतं?”

“शक्तीची गोळी. समोरच घ्या म्हणाले, पाणीपण त्यांनीच दिलं.”

“मलाही दिली होती,” पलीकडून गाणं शिकवणाऱ्या बाई बोलल्या. “हिरड्यांना ताकद येते म्हणाले.” त्यांनी न सांगताच तोंड उघडलं. तीच जागा, तशीच खूण. त्यांच्या शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा आपल्या जिभेने टाळू चाचपत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. “माझ्याही आहे,” ते हळूच म्हणाले. “मला वाटलं, दाढेचंच काहीतरी असेल.”

आतलं दार उघडलं. हातमोजे घातलेले डॉक्टर बाहेर आले. “हा काय तमाशा चाललाय?”

“तमाशा नाही, तपासणी. मास्तरांना अझिथ्रोमायसिन तुम्ही दिलंत. शक्तीची गोळी म्हणून. मग हिरडीत किती साठलं ते बघायला तुकडा कापलात.”

“रक्तात सापडलं?”

“नाही सापडलं. तेच तर तुम्हाला माहीत होतं. आम्हाला रक्त तपासायला पुन्हा पुन्हा कोण सांगत होतं? ज्याला ठाऊक होतं की रक्तात ते मिळणार नाही आणि हिरडीत कुणी शोधणार नाही. हिरडी गोदाम आहे, हे इथे फक्त तुम्हालाच माहीत होतं, डॉक्टर. तुमचा सगळा शोध त्यावरच चालला होता.”

डॉक्टरांचं हसू जागेवरच होतं, पण त्याच्या मागे आता कुणी नव्हतं. फौजदार मागच्या खोलीत गेले होते. त्यांनी तिथल्या शीतकपाटाचं दार उघडून आवाज दिला, “बाई, इथे बारक्या बाटल्या आहेत. मांसाचे तुकडे असलेल्या.”

“हिरडीचे,” करवतबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. आवाज मात्र अजून तसाच, वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकासारखा. “हे बघा, एकच साधी मात्रा होती. लाखो लोक घेतात. यातून हिरडीच्या रोगावर केवढा उपाय निघाला असता, कल्पना आहे? संमतीच्या भानगडीत पडलं की वर्षं जातात. त्या म्हाताऱ्याला मारायचा माझा हेतू नव्हता.”

“नव्हता. मान्य,” करवतबाई म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, आणि ते जास्त भयंकर होतं. “त्याच्या सुनेने तुम्हाला सांगितलं होतं, गोळी चालू आहे. तुम्ही मान हलवलीत. तुकडा काढल्यावर संध्याकाळपर्यंत रक्त थांबत नव्हतं, तिने फोन केला. तेव्हा तुम्हाला कळलं होतं काय होतंय ते. ‘त्यांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या’ एवढंच म्हणायचं होतं. मास्तर आज मशीनवर असते. तुम्ही म्हणालात, कापूस दाबा. का, तर विचारलं असतं कुणीतरी, की गोळी कसली दिली. आणि मग तीच सून खुनी ठरत होती, तेव्हाही तुम्ही गप्प. तो हेतू नव्हता?”

“मी भल्यासाठीच…”

“भलं माणसाला विचारून करतात. न विचारता करतात त्याला दुसरं नाव आहे.”

टॅक्सीवाले काका उठून उभे राहिले. ते डॉक्टर आणि बाहेरचं दार यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मग गाण्याच्या बाई उठल्या. मग आजोबा. फौजदारांना हात लावायची गरजच पडली नाही. त्या माणसांनी वाट सोडेपर्यंत डॉक्टर जागचे हलू शकले नाहीत.

६

सून भावाकडे राहायला गेली होती. खरं म्हणजे गेली नव्हती, नवऱ्याने नेऊन सोडली होती. “वातावरण निवळेपर्यंत,” तो म्हणाला होता.

करवतबाई स्वतः तिला सांगायला गेल्या. सांगून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “बाबांना कळलं होतं का, की त्यांना काय दिलंय?”

“नाही.”

“फसवून दिलं.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “कुणी कपड्याच्या मापात अर्धा इंच लपवला, तरी बाबा महिनाभर धुसफुसायचे. त्यांना हे कळलं असतं तर कात्री घेऊन गेले असते.”

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. नणंद वर आली. तिच्या मागोमाग, बसने आलेला, मास्तरांचा मुलगा. दारात दोघं शेजारी शेजारी उभी राहिली.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “मी बाबांना चोरून गोळ्या दिल्या होत्या. त्या भीतीने मी तुझ्यावर… तू मला काय वाटेल ते बोल. मी ऐकून घेईन. पण घरी चल.”

सून तिच्याकडे बघत राहिली. “बोलणार आहे. आज नाही, पण बोलणार आहे, आणि तू सगळं ऐकणार आहेस. इस्पितळात तुझं ओरडणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते तू सांगणार आहेस.”

“सांगते. आजपासून सांगते.”

मुलगा पुढे झाला. त्याने तिची बॅग उचलली. “चला, झालं ते झालं. आता मिटलं सगळं.”

“काय मिटलं?” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण करवतबाईंसारख्या बाईनेही मान वर केली. “ताईंना वाटत होतं मी मारलं, म्हणून त्या बोलल्या. चूक बोलल्या, पण बोलल्या. तुम्हाला काय वाटत होतं?”

“मला… मला तर तसं कधीच वाटलं नाही.”

“तेच म्हणतेय मी. तुम्हाला माहीत होतं मी काही केलं नाही, आणि तरी तुम्ही खिडकीतून गाड्या बघत उभे राहिलात.”

त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

सून जिना उतरली. स्कूटर एकच होती. नणंदेने ती चालू केली, मागे वळून बघितलं आणि बसायला जागा करून दिली. सून मागे बसली. मुलगा बॅग घेऊन धावत खाली आला, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही बसने या. आणि येताना जरा विचार करत या, कारण घरी आल्यावर मी विचारणार आहे.”

स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली. मुलगा बॅग हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. करवतबाई त्याच्या शेजारून गेल्या, आपल्या गाडीत बसल्या आणि त्याला बस थांब्यापर्यंत सोडू का, असं त्यांनी मुद्दाम विचारलं नाही.